ठशाआधीचा रंग: स्टॅम्प कार्डांसाठी शाईच्या पार्श्वभूमीचे प्रयोग

स्टॅम्प कार्डाची, म्हणजे रबरी ठसे उमटवून केलेल्या शुभेच्छापत्राची, पार्श्वभूमी करायला बसण्याआधी तिच्यावर काय उमटणार आहे ते ठरवून टाका. बारीक रेषांची पानंफुलं असतील तर मागचा रंग शांत आणि फिकट हवा. भरीव, सावलीसारखी आकृती असेल तर मागे रंगांनी कितीही धुमाकूळ घातला तरी चालतो. पांढऱ्या अक्षरांत शुभेच्छा द्यायच्या असतील तर निदान एक पट्टा गडद राहिला पाहिजे. आधी सुंदर रंग करायचा आणि मग त्यावर शोभेल असा ठसा शोधत बसायचं, असं केलं की बहुतेक वेळा ठसा रंगात हरवतो, नाहीतर तो सुंदर रंगच झाकावा लागतो.

खाली दिलेली तंत्रं वरवर वेगवेगळी दिसतील, पण प्रत्येकात हिशोब तोच आहे. शाई किती वेळ ओली राहते, कागद ती किती लवकर पितो, आणि सुकल्यावर पुन्हा पाणी लागलं तर ती हलते की नाही? हातातल्या शाईबद्दल आणि कागदाबद्दल या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की कुठलंही तंत्र आपल्या सामानावर बेतता येतं. एखादा ठरावीक पॅड जवळ नसेल तरी अडत नाही. म्हणून सुरुवात शाईपासून.

शाईचा स्वभाव

डाय शाईत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. ती कागदाच्या तंतूंत मुरते, लवकर सुकते आणि पारदर्शक असते, त्यामुळे एका रंगावर दुसरा रंग चढवला की दोघांचं मिश्रण दिसतं. तिचा दोष म्हणजे उन्हात आणि तीव्र प्रकाशात ती फिकी पडत जाते. पिगमेंट शाईत रंगाचे न विरघळणारे बारीक कण असतात. ते कागदाच्या पृष्ठभागावर बसतात, म्हणून रंग दाट आणि टिकाऊ येतो, पण सुकायला वेळ लागतो. चकचकीत कागदावर तर ती हीट एम्बॉसिंग (ओल्या ठशावर पावडर टाकून ती गरम हवेने वितळवणं) केल्याशिवाय नीट सुकतच नाही.

पार्श्वभूमीसाठी सर्वांत रंजक प्रकार म्हणजे पाण्याला प्रतिसाद देणाऱ्या डाय शाया. डिस्ट्रेस इंक हे त्यातलं बहुतेकांना माहीत असलेलं नाव. या शाया कागदावर जरा जास्त वेळ ओल्या राहतात, म्हणून मिसळायला सोप्या, आणि सुकल्यावरही पाण्याचा थेंब पडला की पसरतात. २०१७ मध्ये आलेल्या डिस्ट्रेस ऑक्साइडमध्ये डाय आणि पिगमेंट दोन्ही असतात. पाणी लागलं की तिच्यावर खडूसारखी दुधट झाक येते. मला ती झाक ढगाळ, धुकट पार्श्वभूमीसाठी फार आवडते, पण तेजस्वी, काचेसारखा नितळ रंग हवा असेल तर साधी डायच घ्यावी.

याशिवाय दोन शाया लागतील. एक म्हणजे व्हर्सामार्कसारखी रंगहीन, चिकट वॉटरमार्क शाई. ती एम्बॉसिंग पावडर धरून ठेवते. दुसरी अल्कोहोल इंक, पण तिचा कारभार निराळा आहे आणि तिच्याकडे शेवटी येऊ.

आपल्याकडच्या पॅडांचा स्वभाव ओळखायला एक छोटी चाचणी पुरते. वॉटरकलर पेपरची लांब पट्टी घ्या. प्रत्येक पॅडचा कोपरा तिच्यावर दाबून एकेक ठिपका उमटवा आणि खाली नाव लिहा. पूर्ण सुकू द्या. मग ओल्या ब्रशने प्रत्येक ठिपक्याची अर्धी बाजू बाहेर ओढा. काही रंग अजिबात हलणार नाहीत, काही पूर्ण वाहतील आणि काही फुटतील. काळ्या शाईतून निळा किंवा जांभळा बाहेर येतो, तपकिरीतून गुलाबी किंवा पिवळा. कारण बहुतेक गडद शाया अनेक रंगद्रव्यं मिसळून केलेल्या असतात आणि प्रत्येक द्रव्य पाण्याबरोबर वेगळ्या वेगाने सरकतं. ही पट्टी जपून ठेवा. पाण्याची जेवढी तंत्रं आहेत, त्यांत कुठला पॅड सुंदर फुटेल हे तीच सांगते.

कागद

कोरड्या ब्लेंडिंगसाठी, म्हणजे पाण्याशिवाय ब्रशने रंग एकमेकांत मिसळण्यासाठी, गुळगुळीत, घट्ट विणीचा पांढरा कार्डस्टॉक (जाड कागद) उत्तम. वजन साधारण २०० ते ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) असावं. स्वस्त, सैल कागदावर शाई जिथे टेकते तिथेच बसते आणि ठिपके पुसता पुसत नाहीत. तिथे हातात दोष शोधू नका, कागद बदलून पाहा.

पाणी वापरायचं असेल तर ३०० जीएसएमचा वॉटरकलर पेपर घ्या. त्याला सायझिंग म्हणजे जिलेटिनसारख्या पदार्थाची प्रक्रिया केलेली असते, त्यामुळे पाणी आणि रंग लगेच आत न शिरता काही वेळ वरच खेळतात. यात कोल्ड प्रेस्ड म्हणजे खरबरीत आणि हॉट प्रेस्ड म्हणजे गुळगुळीत असे दोन प्रकार मिळतात. वर स्टॅम्प मारायचा असल्याने हॉट प्रेस्ड घ्यावा हे माझं स्पष्ट मत. खरबरीत पोतावर बारीक अक्षरं तुटक उमटतात. खरबरीतच हाताशी असेल तर त्याची मागची बाजू बोटाने चाचपून पाहा, ती बऱ्याचदा जास्त सपाट असते.

चकचकीत कार्डस्टॉक रोलरसाठी आणि अल्कोहोल इंकसाठी. त्यावर शाई आत न मुरता वर सरकते, म्हणून रंग फार उजळ दिसतात.

माप आधी ठरवलं तर काम सुटसुटीत होतं. ए-फोर कागद अर्धा कापून दुमडला की १०.५ × १४.८ सेंटिमीटरचं कार्ड होतं. त्यावर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर कड सोडायची तर वरचा तुकडा ९.९ × १४.२ सेंटिमीटरचा. पण पार्श्वभूमी करताना कागद त्याहून मोठा, साधारण १२ × १६.५ चा घ्या आणि शेवटी कापा. कडांवर रंग नेहमी ओबडधोबड बसतो. शिवाय मोठ्या तुकड्यातला सर्वांत चांगला भाग निवडायची मुभा मिळते.

कोरडं ब्लेंडिंग

हे एक तंत्र हाताला बसलं की बाकीची निम्मी सोपी होतात, म्हणून इथे घाई करू नका.

कागदाच्या चारही कडा कमी चिकट मास्किंग टेपने मॅटवर चिकटवा. पॅडवर ब्लेंडिंग ब्रश किंवा स्पंज हलकेच गोल फिरवा आणि जास्तीची शाई मॅटवर किंवा रद्दी कागदावर उतरवा. मग ब्रश कागदाच्या बाहेर, टेपवर टेकवून गोल गोल फिरवत हळूहळू आत आणा. पहिला स्पर्श थेट कागदावर झाला तर तिथे गडद गोळा उमटतो आणि तो शेवटपर्यंत दिसत राहतो. दाब इतका कमी ठेवा की पहिल्या दोन-चार फेऱ्यांत रंग आला की नाही अशी शंका यावी. रंग थरांनी चढतो, दाबाने नाही.

फिकट रंग आधी, गडद नंतर. पिवळा लावून त्याच्या कडेवर नारिंगी, मग त्याच्या कडेवर गुलाबी. प्रत्येक नवा रंग आधीच्या रंगात निदान दोन सेंटिमीटर शिरू द्या. मग आधीच्या फिकट रंगाचा ब्रश पुन्हा त्या सांध्यावर फिरवा. सांधा विरघळतो तो या परतीच्या फेरीत, आणि नेमकी हीच फेरी बरेच जण गाळतात. प्रत्येक रंगकुटुंबासाठी वेगळा ब्रश ठेवा. निळा लागलेला ब्रश पिवळ्या पॅडवर टेकला तर तो पॅड कायमचा हिरवट होतो.

रंग निवडताना रंगचक्रावरचे शेजारी घेतले तर मिश्रण स्वच्छ राहतं. निळा, निळसर हिरवा, हिरवा. किंवा गुलाबी, जांभळा, निळा. समोरासमोरचे रंग, म्हणजे लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा, एकमेकांत गेले की तपकिरी गढूळपणा येतो. पिवळ्यापासून जांभळ्यापर्यंत जायचंच असेल तर मधे गुलाबीचा रुंद पट्टा ठेवा. पिवळा आणि गुलाबी मिळून केशरी होतो, गुलाबी आणि जांभळा मिळून किरमिजी, आणि तपकिरीला जागाच मिळत नाही.

जिथे मुख्य ठसा येणार तिथे कागद जवळजवळ पांढरा सोडा. मधे उजेड आणि कडांना गडद रंग अशी रचना केली तर साध्यातली साधी आकृतीही उठून दिसते. एकाच जागी फार घासू नका. तंतू सुटून कागदावर बारीक गोळ्या दिसू लागल्या की तिथे थांबा. त्या भागावर शाई आता काळपटच बसणार, तेव्हा तो भाग ठशाखाली किंवा पट्टीखाली जाईल असं बघा.

याच ब्लेंडिंगवर स्टेन्सिल ठेवून वरून एक छटा गडद रंग फिरवला की नक्षीदार पार्श्वभूमी मिळते. स्टेन्सिल टेपने पक्कं करा, ब्रश जवळजवळ कोरडा ठेवा आणि हालचाल गोलाकारच. ओला ब्रश स्टेन्सिलच्या कडेखाली शाई ढकलतो.

पाणी आणि ओढलेली शाई

ज्यांना नियंत्रण थोडं सैल सोडायला आवडतं त्यांच्यासाठी हे तंत्र. पॅड थेट प्लास्टिकच्या मॅटवर किंवा जाड पारदर्शक शीटवर दाबा. दोन-तीन रंगांचे ठिपके एकमेकांपासून थोड्या अंतरावर असू द्या. त्यावर पाण्याचे दोन-तीन फवारे मारा म्हणजे शाईचे मणी तयार होतील. आता वॉटरकलर पेपर पालथा करून त्या मण्यांवर टेकवा आणि हवं तर किंचित ओढा. उचला आणि थांबा.

खरी मेख या थांबण्यात आहे. ओल्या थरावर लगेच दुसरा थर दिला तर सगळे रंग एक होऊन राखाडी होतात. पहिला थर हीट गनने (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने) किंवा तसाच पूर्ण सुकवा, मग मॅटवर उरलेल्या शाईत कागदाच्या मोकळ्या राहिलेल्या जागा अलगद बुडवा. पुन्हा सुकवा. तिसऱ्या वेळी फक्त कोपरा किंवा एखादी कड टेकवा. थर सुकून चढले की प्रत्येक डागाला स्वतःची नाजूक गडद कड मिळते, आणि या पार्श्वभूमीचं सौंदर्य त्या कडांत आहे.

पाणी किती घ्यायचं हा प्रश्न सगळ्यांना पडतो. मणी वेगवेगळे दिसत असतील तर प्रमाण बरोबर. ते मिळून तळं झालं असेल तर टिश्यूच्या टोकाने थोडं टिपून घ्या. जास्त पाण्यात रंग फिका तर पडतोच, पण कागद वाकतो आणि मग शाई खोलगट भागात गोळा होते.

ऑक्साइड शाईत हेच केलं तर थर एकमेकांवर दुधट बसतात आणि खालचा रंग वरच्यातून अर्धवट डोकावतो. साध्या डायमध्ये थर पारदर्शक राहतात. दोन्ही एकाच रंगसंगतीत करून शेजारी ठेवून पाहा, फरक शब्दांपेक्षा डोळ्यांना लगेच कळेल.

थेंब आणि मीठ

कोरड्या ब्लेंडिंगवर बोटांनी पाण्याचे बारीक शिंतोडे उडवा, साधारण वीस सेकंद थांबा आणि टिश्यूने टिपा. पुसू नका, फक्त दाबा. जिथे थेंब होते तिथे फिकट ठिपके उरतात. न टिपता तसेच सुकू दिले तर ठिपक्याभोवती गडद कडा येतात. पाण्याला प्रतिसाद न देणाऱ्या शाईवर यातलं काहीच होणार नाही, ते तुमची चाचणीची पट्टी आधीच सांगेल.

मिठासाठी कागद ओला करून त्यावर डाय शाई सोडा, आणि कागदावरची चमक नुकती उतरू लागली की जाड मीठ विखरा. प्रत्येक खडा भोवतालचं रंगीत पाणी ओढतो आणि चांदणीसारखी आकृती उमटते. फार ओल्यावर टाकलं तर मीठ विरघळून जातं, फार उशिरा टाकलं तर काहीच होत नाही. इथे हीट गन नको, आपोआप सुकू द्या. नंतर मीठ कोरड्या ब्रशने कसून झाडा. एखादा कण राहिला तर तिथे ठसा उमटत नाही आणि स्टॅम्पही खरवडू शकतो.

एम्बॉसिंगचा अडसर

मला पार्श्वभूमीच्या साऱ्या तंत्रांत सर्वांत समाधान देणारं हे. रंगहीन एम्बॉसिंग पावडर वितळून कागदावर प्लास्टिकसारखा थर बनतो. त्या थरातून शाई आत जाऊ शकत नाही. म्हणजे रंग लावण्याआधीच नक्षी राखून ठेवता येते.

कागदावर अँटिस्टॅटिक पावडरची पिशवी फिरवा, नाहीतर पावडरचे कण नको तिथे चिकटतील. नक्षीचा मोठा स्टॅम्प वॉटरमार्क शाईने उमटवा. त्यावर पारदर्शक पावडर सढळ हाताने ओता, जास्तीची झटकून डबीत परत घ्या, आणि कागदामागून टिचकी मारून सुटे कण काढा. चुकार कण कोरड्या बारीक ब्रशने उचला. हीट गन काही सेकंद आधी तापवून मग कागदावर आणा आणि सतत फिरवत राहा. दाणेदार पावडर एकदम चकचकीत होते तो क्षण पकडा आणि पुढे सरका. जास्त वेळ धरलं तर वितळलेला थर कागदात मुरतो, तेलकट दिसतो आणि अडसर म्हणून निकामी होतो.

थंड झाल्यावर त्यावर ब्लेंडिंग करा. इथे रंग मनसोक्त गडद घ्या. रंग जितका खोल, तितकी पांढरी नक्षी उठते. शेवटी कोरड्या मऊ कापडाने पूर्ण तुकडा हलकेच पुसा, म्हणजे उंच रेषांवर राहिलेले शाईचे मणी निघतील आणि नक्षी स्वच्छ होईल.

उंच रेषा नको असतील तर एक युक्ती आहे. काम पूर्ण सुकल्यावर तुकडा दोन कोऱ्या, शाई नसलेल्या कागदांमध्ये ठेवा आणि वाफ बंद करून गरम इस्त्री फिरवा. पावडर पुन्हा वितळून वरच्या कागदात शोषली जाते. खाली सपाट कागदावर पांढरी नक्षी तेवढी उरते, आणि तिच्यावर ठसाही सरळ बसतो. वर्तमानपत्र यासाठी वापरू नका, त्याची छपाई उतरते.

या तंत्राची पुढची पायरी जोसेफ्स कोट नावाने ओळखली जाते. आधी पूर्ण कागदावर पिवळा, गुलाबी, आकाशी असे उजळ रंग ब्लेंड करा आणि कागद पूर्णपणे सुकवा. इथे अर्धवट सुकलेल्या शाईवर पावडर सगळीकडे चिकटेल, म्हणून डाय शाई घ्या आणि पुरेसा वेळ द्या. आता त्यावर वॉटरमार्क शाईने नक्षी उमटवून पारदर्शक पावडर वितळवा. मग वरून गडद निळा किंवा काळा रंग ब्लेंड करा. गडद रंग सर्वत्र बसतो, नक्षीवर मात्र बसत नाही, आणि पुसल्यावर काळ्यातून रंगीबेरंगी रेषा उजळून निघतात. पहिल्या वेळी साधा, मोकळ्या रेषांचा स्टॅम्प घ्या. दाट नक्षीत गडद रंगाला बसायला जागा कमी पडते आणि परिणाम दुबळा होतो.

रोलर आणि चकचकीत कागद

मऊ रबराचा रोलर पॅडवर एकाच दिशेने फिरवा, उचला, पुन्हा सुरुवातीपासून फिरवा. मागेपुढे करत राहिलात तर रोलरचा तोच भाग पुन्हा पुन्हा शाईवर येतो आणि बाकीचा कोराच राहतो. चकचकीत कागदावर पहिली फेरी पट्टेदार दिसेल. घाबरू नका, फिरवत राहा, पट्टे एकमेकांत मिसळतात. शाई डायच हवी.

याच रोलरवर रबरबँड वेडेवाकडे गुंडाळून मग शाई लावली तर आडव्यातिडव्या रेषा उमटतात. कागदावर आधी पांढऱ्या मेणखडूने काही रेघोट्या मारल्या तर मेण शाई अडवतं, आणि एम्बॉसिंगच्या सामानाशिवाय अडसराचा परिणाम मिळतो.

फेसावरचा मार्बल

रंगाच्या लहरी हव्या असतील तर पांढरा शेव्हिंग फोम घ्या, जेल नको. ट्रेमध्ये साधारण दोन सेंटिमीटरचा थर पट्टीने सपाट करा. हातमोजे घालून त्यावर रीइंकरमधली (पॅड पुन्हा भरायच्या बाटलीतली) डाय शाई थेंबाथेंबाने टाका. टूथपिकने काही रेघा आडव्या आणि काही उभ्या ओढा आणि तिथेच हात आवरा. जास्त ढवळलं की लहरी नाहीशा होऊन एकच रंग उरतो.

कागद वर ठेवून हलक्या हाताने सगळीकडे दाबा, उचला, मिनिटभर तसाच ठेवा. मग सरळ कडेच्या पट्टीने एका फटक्यात फेस खरवडून काढा. शाई कागदाने ओढून घेतलेली असते, म्हणून फेस जातो आणि नक्षी राहते. त्याच फेसावर आणखी एक-दोन कागद होतात, प्रत्येक वेळी रंग अधिक फिकट. मला पहिल्यापेक्षा दुसरा कागद जास्त उपयोगी वाटतो, कारण त्यावर ठसा वाचता येतो.

या कल्पनेची मुळं कागदकलेत खोल आहेत. जपानमधली सुमिनागाशी आणि तुर्कस्तानातली एब्रू या दोन्ही परंपरांत द्रवावर तरंगणारा रंग कागदावर उचलतात. एब्रूचा समावेश युनेस्कोने २०१४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. फेसाची पद्धत त्यांची बरोबरी करत नाही, पण रंग वर तरंगत ठेवून अलगद उचलायचा हे तत्त्व तिथलंच.

अल्कोहोल इंक

ही शाई शोषून न घेणाऱ्या पृष्ठभागासाठी आहे. चकचकीत कार्डस्टॉक, पारदर्शक शीट, किंवा यूपो हा पॉलिप्रोपिलिनचा कृत्रिम कागद. फेल्टच्या तुकड्यावर दोन-तीन रंगांचे थेंब आणि एक थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकून कागदावर टपटप टेकवलं, प्रत्येक वेळी मनगट थोडं वळवलं, की पॉलिश केलेल्या दगडासारखी पार्श्वभूमी मिळते. धातूच्या छटेची शाई अगदी एखादाच थेंब घ्या.

खिडक्या उघड्या ठेवा. हा द्रव ज्वलनशील आहे, म्हणून जवळ ज्योत नको, आणि ओल्या शाईवर हीट गन नको. ती फवारण्याच्या फंदातही पडू नका, वाफ सरळ श्वासात जाते. यूपो तर उष्णतेने वेडावाकडा होतो, त्यावर एम्बॉसिंगचा विचार सोडून द्या.

वर ठसा उमटवताना

पार्श्वभूमी पूर्ण सुकली आहे की नाही हे हाताच्या पाठीने पाहा. गार लागली तर आत ओलावा आहे. ओलसर कागदावर ठशाच्या कडा पसरतात.

पाण्याला प्रतिसाद देणाऱ्या शाईवर काळी पिगमेंट शाई किंवा पाण्याने न हलणारी काळी शाई चांगली बसते. ऑक्साइडचा दाट थर असेल तर एकदा उमटवलेला ठसा करडा दिसतो. स्टॅम्पिंग प्लॅटफॉर्म (ठसा नेमका त्याच जागी पुन्हा उमटवू देणारी चौकट) असेल तर कागद न हलवता तोच ठसा दोन-तीनदा मारा. पांढऱ्या पिगमेंट शाईवर मी पांढऱ्या अक्षरांसाठी भरवसा ठेवत नाही. खालची डाय तिच्यात झिरपून ती गुलाबी किंवा निळसर होऊ शकते. वॉटरमार्क शाई आणि पांढरी एम्बॉसिंग पावडर घेतली तर अक्षरं लखलखीत येतात. चकचकीत कागदावर आणि अल्कोहोल इंकवर सॉल्व्हंट शाई, म्हणजे न शोषणाऱ्या पृष्ठभागावरही सुकणारी शाई, लागते. तिच्यासाठी रबरी स्टॅम्प वापरा, पारदर्शक फोटोपॉलिमर नको. कापून टाकायच्या कडेवर आधी एकदा उमटवून बघा, कारण सॉल्व्हंट खालचा अल्कोहोल रंग उचलू शकतो.

पार्श्वभूमीच्याच रंगाचा, एक छटा गडद पॅड घेऊन छोट्या नक्षीचा स्टॅम्प कोपऱ्यांत विखुरलेला उमटवला की कागदाला खोली येते. मुख्य ठशापासून तो लांब ठेवा.

बिनसलेले तुकडे

रंग फार गडद झाला असेल तर त्यावर पांढरं एम्बॉसिंग, किंवा त्यातला बरा भाग पंचने कापून पानं, फुलं, अक्षरं काढा. गढूळ झालेल्या तुकड्यावर पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचे बारीक शिंतोडे उडवले तर गढूळपणाच वातावरण वाटू लागतो. ठिपकेदार ब्लेंडिंगवर पाण्याचे थेंब टाका, ठिपके जणू ठरवून केलेले दिसतात. तरीही जमत नसेल तर तुकडा अरुंद पट्ट्यांत कापून पांढऱ्या कागदावर थोड्या अंतराने चिकटवा. जे रंग एकत्र भांडतात ते पांढऱ्या फटींमुळे शांत होतात.

नोंद आणि जोडणी

एका वेळी एकच गोष्ट बदला. तोच कागद, तेच रंग, फक्त पाणी कमी-जास्त. किंवा तेच पाणी आणि रंग, कागद वेगळा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर परिणाम कशामुळे आला हे कळत नाही. प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलीने शाईची नावं, ती लावल्याचा क्रम, कागद आणि सुकवण्याची पद्धत लिहा. पेनाची शाई पाण्याच्या तंत्रात पुढे झिरपू शकते, म्हणून पेन्सिलच.

वाकलेला तुकडा कार्डावर तसाच चिकटवू नका. मागच्या बाजूने पाण्याचा अगदी हलका फवारा मारा, दोन कोऱ्या कागदांत ठेवा आणि जड पुस्तकांखाली रात्रभर दाबा. मग मापाला कापा. कापताना दोन काटकोनी पट्ट्यांनी चौकट करून तुकड्यावर फिरवत राहा आणि जिथे उजेड ठशामागे येतो तिथे पेन्सिलीची खूण करा. वॉटरकलर पेपर सपाट केल्यावरही थोडा ताण धरून असतो, त्यामुळे नुसत्या गोंदापेक्षा दुहेरी टेप चारही कडांना आणि एक पट्टी मधे लावा. कार्ड उभारून दिसावं असं वाटलं तर टेपच्या जागी फोम टेप, पण टपालाने पाठवायचं असेल तर पातळ फोम निवडा. डाय शाईची कार्डं पाठवेपर्यंत बंद पेटीत, उजेडापासून लांब ठेवा.